ठिपका सरकला त्या माघात

इथे नागपुरात थंडी येते ती घाईतल्या पाहुण्यासारखी. टेकली न टेकली की निघाली. तरी दर पौषात एखादी सकाळ अशी उगवते की समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसत नाही, आणि मग दिवसभर मला काही सुचत नाही. कॉलेजातल्या पोरी म्हणतात, "मॅडम, कसला भारी फॉग आहे ना आज!" मी म्हणते, "हा कसला फॉग, ही नुसती वाफ." कोहरा आम्ही पाहिलाय. बनारसचा. घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहिलं तर खालची पायरी नसायची. गंगा तर नसायचीच. नुसते मल्लाहांचे आवाज यायचे, एकमेकांना शिव्या घालत, आणि त्यावरून कळायचं की खाली नदी आहे आणि नावा चालू आहेत. पोरींना यातलं काय सांगणार? मी हजेरी घेते आणि फळ्याकडे वळते.

नव्वदनंतरच्या दोन-चार वर्षांतला तो हिवाळा. आई कार्तिकात गेली. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणाली, तिसऱ्या दिवशी बोललीच नाही. मी सव्वीस वर्षांची होते, घरात एकटीच मुलगी, आणि मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. बायका यायच्या, माझ्या गळ्यात पडून रडायच्या, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत भिंतीवरच्या पालीकडे बघत बसायची. मला तेव्हा दुःखाची भीती वाटत नव्हती. भीती एकच होती, की हे असंच राहील. मी अशीच राहीन आणि अण्णाही असेच राहतील, दोघं एका घरात, आणि ती गेली हे आम्हाला कधी कळणारच नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. दुर्गाघाटाच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. घराणं मूळचं वाईचं, पण वाई आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. अण्णांचं काम भिक्षुकीचं. महाराष्ट्रातून यात्रेकरू यायचे, कुणाच्या आईचं, कुणाच्या भावाचं श्राद्ध करायचं असायचं, अण्णा ते घाटावर बसून सांगायचे. समोरचा माणूस हुंदके देत असला तरी अण्णांचा स्वर हलायचा नाही. "पाणी सोडा. तीळ घ्या. रडू नका, आधी हे उरकू." उरकू म्हणायचे. मला लहानपणी त्याचा राग यायचा. आई म्हणायची, "अग, तेही रडत बसले तर त्या बिचाऱ्याचं श्राद्ध कोण सांगणार?"

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी अण्णा पहाटे उठून घाटावर गेले. मी डबा भरून विद्यापीठात गेले. झालं. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे असं:

"अण्णा, रजाई घेतलीत का?"

"घेतली."

"भाजी कोणती आणू?"

"कोणतीही आण."

"कोहरा आहे, सांभाळून जा."

"तूही."

यात आई कुठेच नव्हती. दर हिवाळ्यात ती मातीच्या बोरशीत गोवऱ्यांचा विस्तव करून खोलीच्या मधोमध ठेवायची. त्या वर्षी बोरशी कोपऱ्यात तशीच पडून राहिली. तिनं पेटवायची ती आता आपण पेटवावी, हे ना मला सुचलं ना त्यांना. दोघंही कुडकुडत झोपायचो. थंडी वाजतेय असंसुद्धा कुणी म्हणायचं नाही.

आता माझ्या कामाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पीएच.डी. करत होते. लेझरचा किरण हलवायचा, पण त्यासाठी आरसा फिरवायचा नाही, काहीच फिरवायचं नाही. किरणाच्या वाटेत एक पारदर्शक क्रिस्टल ठेवायचं, आल्याच्या वडीएवढं. त्याच्या एका बाजूला दुसऱ्या क्रिस्टलची चकती चिकटवायची. चकतीला विजेचा सिग्नल दिला की ती थरथरते, आणि त्या थरथरीनं मोठ्या क्रिस्टलमध्ये आवाजाची लाट शिरते. आपल्या कानांना ऐकू न येणारा आवाज, फार वरच्या पट्टीतला. ती लाट क्रिस्टलला आतून दाबत, सोडत जाते, आणि मधून जाणारा उजेड थोडा वळतो. आवाजाची पट्टी बदलली की वळण बदलतं. भिंतीवर पडलेला लाल ठिपका जागचा सरकतो. एवढंच. एवढ्यासाठी मी चार वर्षं घालवली होती.

आईला मी हे एकदा पोळ्या लाटताना समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे आवाज करून उजेडाला बाजूला सारायचं?"

"हो."

"मग अण्णांना ने की तिथे. हे ओरडले की अख्खी गल्ली बाजूला होते. गाईसुद्धा."

अण्णा आतून म्हणाले, "ऐकतोय मी."

"ऐका की, तुमचंच कौतुक चाललंय," आई म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. असं घर होतं आमचं. बोलकं होतं चांगलं.

लेझरची खोली तळघरात होती. काळे पडदे, एक दगडी टेबल, आणि भिंतीवर चिकटवलेला आलेखाचा कागद. बाहेर दिवस आहे की नाही हे आत कळायचं नाही, आणि त्या हिवाळ्यात बाहेरही फारसं कळत नव्हतं. सकाळी कोहऱ्यातून मैदागिनपर्यंत चालत जायचं, टेंपोत गुडघे आवळून विद्यापीठाच्या फाटकापाशी, लंकेपर्यंत जायचं, पुन्हा चालायचं, आणि तळघरात उतरायचं. पांढऱ्यातून काळ्यात. मला ते बरं वाटायचं असंही नाही. बरं-वाईट काही वाटत नव्हतं, जात होते इतकंच.

सगळ्यात नाजूक काम चिकटवण्याचं. तिथे डिंक चालत नाही. आवाज डिंकातच अडकतो. दोन्ही बाजूंवर एका मऊ धातूचा पातळ थर चढवायचा, आणि निर्वात पेटीत ते थर एकमेकांवर टेकवून दाबायचे. टेकवायचं एकदाच. वाकडं बसलं, मध्ये धुळीचा एक कण राहिला, की मेलं सगळं. क्रिस्टल परदेशातून आलेलं, आमच्याकडे दोनच होती. पहिलं मी आई असताना वाया घालवलं होतं. हात थरथरले होते. त्या दिवशी घरी येऊन भांडी आपटली, आईशी भांडले, मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. म्हणजे रडायला येत होतं मला. क्रिस्टलसाठी येत होतं.

दुसरं क्रिस्टल मी मार्गशीर्षात चिकटवलं. हाताला जराही कंप नव्हता. बिघडलं तर काय, हा विचारच मनात आला नाही. बिघडण्यासारखं जे होतं ते होऊन गेलं होतं. माझ्याबरोबर अशोक नावाचा बलियाचा मुलगा काम करायचा, तो पेटीच्या काचेतून बघत होता. म्हणाला, "दीदी, ई हाथ है कि शिकंजा?" आमचे सर म्हातारे, बनारसचेच, मोजकं बोलणारे. त्यांनी भिंगातून जोड पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाले, "बेटा, इतना साफ़ काम हमारे यहाँ किसी ने नहीं किया." मी "जी सर" म्हटलं आणि डबा उघडला. भाजीत मीठ नव्हतं. ते तिसऱ्या घासाला लक्षात आलं.

ही गोष्ट मला अजून खुपते. पुढे माझी नोकरी, माझं नाव, जे काही झालं ते त्या एका जोडावर उभं राहिलं. लोक विचारतात, एवढा सफाईदार हात कसा काय? मी हसून म्हणते, सराव. काय सांगू? आई मेली म्हणून जमलं, असं कुणाला सांगता येतं का? पण खरं तेच आहे. ज्याला भ्यायचं कारण उरलेलं नाही त्याचा हात हलत नाही. देव करो आणि असा हात कुणाच्या वाट्याला न येवो.

मग ती चकती घासायची. काचेवर बारीक भुकटीचा लगदा, त्यावर चकती टेकवून इंग्रजी आठाच्या आकड्यात हात फिरवत राहायचं, केसाहून पातळ होईपर्यंत. तासन् तास. थंडीनं बोटं बधिर व्हायची आणि मला ते कळायचंही नाही. अशोक चहा आणून ठेवायचा, त्यावर साय धरायची. तो म्हणायचा, "दीदी, कुछ बोला करिए. भूत लगता है हमको." मी म्हणायची, "क्या बोलें?" तो खरंच विचार करायचा, आणि चहा परत गरम करून आणायचा.

पौषात संक्रांत आली. आमच्याकडे वर्षभर सण नव्हता, घरात तीळ भाजायचे नाहीत, गूळ विरघळवायचा नाही. अशा घरात शेजारचे आणून देतात. गोदाकाकू समोरच्या घरातून वाटी घेऊन आल्या. आईची मैत्रीण, तोंडानं फटकळ. अण्णांसमोर वाटी ठेवली, "घ्या, गोड बोला" म्हणायचं ते गिळलं, आणि मला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"रड की ग बये एकदाची!" त्यांनी माझे दोन्ही दंड धरून मला गदागदा हलवलं. "किती दिवस अशी दगडासारखी फिरणार आहेस? माझी मैत्रीण गेली तर मी रोज रडते, आणि तुझी आई गेली तर तू लेझर कसला तो लावत बसतेस?"

"येत नाही काकू," मी म्हटलं. "आलं असतं तर रडले असते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा राग विरला. "आणि ते?" बाहेर मान वळवून म्हणाल्या. "ते एक शब्द तरी काढतात का तिचा?"

"नाही."

"शाबास. बाप तशी बेटी," काकू म्हणाल्या, पण त्यांचा आवाज चिरकला. जाताना त्या पदरानं डोळे पुसत जिना उतरल्या. मी तिळाचा लाडू खाल्ला. चांगला झाला होता, कुरकुरीत.

चाचणी माघात सुरू झाली. आधी बत्ती गुल. मग बत्ती आली तर व्होल्टेज असं की लेझर लुकलुकतोय. मग एकदाचं सगळं जुळलं, आणि किरण क्रिस्टलमधून जातोय की कडेवर आपटतोय हे बघायला अशोकनं उदबत्ती लावली. धुरात किरण दिसतो, म्हणून. सर नेहमी रागवायचे, धूर काचांवर बसतो म्हणून, पण सगळेच लावायचे. "लेज़र बाबा को धूप दिखा दें," अशोक म्हणाला आणि हात जोडले. धुरातून लाल रेघ उमटली, सरळ, भिंतीवर ठिपका. मी सिग्नल दिला आणि क्रिस्टलचं बैठं स्टँड हळूहळू फिरवू लागले. लाट आणि किरण एका ठराविक कोनात भेटावे लागतात, त्याशिवाय काही घडत नाही. फिरवत राहिले, फिरवत राहिले. आणि मोठ्या ठिपक्याच्या शेजारी आणखी एक उगवला. आधी असेल-नसेल असा. मग चांगला लाल.

"दीदी!" अशोक ओरडला.

मी सिग्नलची पट्टी बदलली. दुसरा ठिपका कागदावरून सरकला, एक चौकोन, दोन चौकोन. मागे आणला, मागे आला. क्रिस्टल जागच्या जागी, टेबल जागच्या जागी, कशाचीही हालचाल नाही, आणि भिंतीवर तो आपला माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर चालतोय. अशोक नाचायला लागला. सर जिना उतरून आले, बराच वेळ ठिपक्याकडे बघत उभे राहिले, चष्मा काढून पुसला. नंतर अशोकला पिटाळून त्यांनी मलइयो मागवलं, ते थंडीतच मिळणारं दुधाच्या फेसाचं पिवळं गोड, मातीच्या कुल्हडात. सगळ्यांनी खाल्लं. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मी आत शोधत होते, की कुठे आहे? काहीतरी असायला हवं ना. आनंद नाही तर निदान सुटका. अंधाऱ्या खोलीत बटण चाचपावं तसं चाचपत होते. भिंत लागत होती, बटण लागत नव्हतं.

आज माझ्या विद्यार्थ्यांना मी हाच प्रयोग करून दाखवते. तयार डबा मिळतो आता, त्यावर आकडे उजळतात, चिकटवणं-घासणं काही नाही. ठिपका सरकला की पोरी टाळ्या वाजवतात, आणि मीही वाजवते. त्या वेळी जे आलं नाही ते आता हप्त्याहप्त्यानं येतंय म्हणायचं. असो.

त्या संध्याकाळी घरी गेले. अण्णा दिव्याजवळ बसून दर्भ निवडत होते.

"ठिपका सरकला," मी म्हणाले.

"कुठे?"

"भिंतीवर. मी सरकवला तसा."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, आणि पुन्हा दर्भ निवडू लागले. तिला सांगायचं होतं त्यांना. मलाही तिलाच सांगायचं होतं. आम्ही दोघं एकमेकांना सांगून बसलो होतो, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मला वाटलं, झालं, आता हे असंच. यापुढे काहीही सरकलं तरी हे असंच.

दोन दिवसांनी षष्ठी आली, आईची तिथी. दर महिन्याच्या त्या तिथीला तिचं मासिक श्राद्ध. मुलगा नाही, म्हणून करायचं अण्णांनीच. मागच्या दोन्ही वेळा त्यांचे सोबती बापूकाका सांगायला आले होते. काका मंत्र म्हणायचे, तिचं नाव-गोत्रही तेच म्हणायचे, अण्णा मुकाट्यानं मागोमाग पुटपुटत पाणी सोडायचे. या वेळी काका थंडी-तापानं अंथरुणात होते. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला बोलावू का?"

"कशाला?" अण्णा म्हणाले. "आयुष्य गेलं सांगण्यात. मीच सांगतो, मीच करतो."

दुपार झाली होती, तरी खिडकीबाहेर पांढरंच. अण्णा दक्षिणेकडे तोंड करून बसले, मी बाजूला तांब्या-पळी घेऊन. आणि मग ते दोन माणसं झाले. एक गुरुजी आणि एक यजमान. "अपसव्य करा," ते म्हणाले, आणि स्वतःचं जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. "तीळ घ्या," म्हणाले, आणि तीळ घेतले. घाटावरचाच तो कोरडा, ठाम स्वर. मला हसू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. मंत्र भराभर पुढे चालला, माझ्या पत्नीला, इथपर्यंत आला, आणि जिथे गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असतं तिथे अण्णा थांबले. घाटावर हजार वेळा थांबले असतील तसे. मान खाली, डोळे ताम्हनात, आणि सवयीनं, समोर बसलेल्या परक्या यजमानाला विचारावं तसं विचारलं, "नाव?"

खोलीत कुणी नव्हतं. मी होते.

अण्णांनी मान वर केली. आपण काय विचारलं ते त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, वाट चुकलेल्या माणसासारखा. जन्मभर त्यांनी तिला "अग" म्हटलं होतं, नाहीतर "ऐकलंस का". गल्लीत ती पंडिताइन होती. माझी आई होती. तिचं नाव त्या घरात कुणी उच्चारतच नव्हतं.

"मालती," मी म्हणाले.

आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही. तो नुसता घशातून नव्हता आला, पार पोटातून खरवडत आला होता.

"मालती," अण्णा म्हणाले, गोत्र म्हणाले, आणि पाणी सोडलं. निम्मं ताम्हनात पडलं, निम्मं धोतरावर. पाणी तीनदा सोडायचं असतं. मी पुन्हा त्यांच्या तळहातावर पळीभर घातलं. पुन्हा ते त्याच जागी आले आणि थांबले. आता त्यांना नाव ठाऊक होतं. तरी माझ्याकडे बघून, हळूच, त्यांनी पुन्हा विचारलं, "नाव?"

"मालती, अण्णा," मी म्हटलं, आणि मला दिसेनासं झालं. इतके महिने कुठे होतं ते सगळं, कोण जाणे. पळी हातातून पडली. मी ओढणी तोंडात कोंबून रडत होते आणि अण्णांनी आपल्या हातांनी तांब्या उचलला, स्वतःच पाणी घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला विचारलं नाही. मंत्रही म्हणाले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, हाक मारावी तसं, मोठ्यानं म्हणाले, "मालती."